मोठ्या कामात 'नक्की काय दाखवायचंय' हे कुणी आणि कधी ठरवायचं?

नेपथ्यवाला | मंगळवार, रात्री १०:४०

परवा आमच्या महानाट्याचा शेवटचा ट्रक गोडाऊनला रिकामा केला. दोन प्रयोग झाले. तिसरा जाहीर झाला होता, तो झालाच नाही. कुणाला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. आमचे पैसे वेळेवर मिळाले, कलाकारांनी जीव तोडून काम केलं, शंभरावर पोरं महिनाभर रात्री तालमीला येत होती. तरीही मैदानातून बाहेर पडणारी माणसं एकमेकांना "घोडे भारी होते" एवढंच सांगत होती. अडीच तासांत आम्ही काय सांगितलं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. राहणार कसं? ते आम्हालाच माहीत नव्हतं.

माझ्याकडं नेपथ्य होतं. पहिल्या बैठकीत ठरलं, मंचाच्या मधोमध किल्ल्याचा दरवाजा उभा करायचा. मी दोन पोरं घेऊन पन्हाळ्याला गेलो, तिथल्या 'तीन दरवाजा' नावाच्या प्रवेशद्वारासमोर अख्खा दिवस बसलो, मापं घेतली, काळ्या दगडाचा पोत कागदावर उतरवला. परत येऊन दिग्दर्शकांना विचारलं, "हा दरवाजा नाटकात उघडतो कधी? लोकांना तो आतून दिसणार का बाहेरून? रात्रीचा प्रसंग आहे का दिवसाचा?" उत्तर आलं, "तुम्ही करा, नंतर बघू."

दरवाजा झाला. वीस फूट उंच, काळाशार. मग पैसे घालणाऱ्यांपैकी एकजण आले. म्हणाले, हा उदास वाटतोय, राजवाड्यासारखा सोनेरी पाहिजे. सोनेरी केला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या भागीदारानं मागं लावायला एलईडीचा पडदा आणला. दरवाजा त्याच्या आड येत होता, म्हणून मधून कापून दोन तुकडे दोन कडेला सरकवले. प्रयोगाच्या दिवशी मी लांब जाऊन पाहिलं तर मंगल कार्यालयाची कमान उभी होती. पोटात गोळाच आला. संगीत, प्रकाश, नाच, सगळ्यांची हीच गत. एकेक गोष्ट स्वतंत्रपणे बघितली तर चांगली होती.

काल संध्याकाळी खासबागेत जाऊन बसलो होतो. शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं, आणि १९१२ साली इथं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधे आखाडा, भोवती चढत गेलेला मातीचा बांध. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. तिथं बसल्यावर मला वाटलं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं पाहिजे हे पहिली कुदळ पडायच्या आधी ठरलेलं असणार. आमच्याकडं ते प्रयोगाच्या दिवसापर्यंत ठरलं नव्हतं.

मोठ्या करमणुकीच्या कामात ज्यांनी हात घातलाय, नाटक, सिनेमा, मालिका, काहीही, त्यांनी सांगा. हे ठरवायचं कुणी? आणि ठरलं नसेल तर आमच्यासारख्या खालच्या माणसानं करायचं काय?

---

उत्तरेश्वरकर | बुधवार, सकाळी ६:१५

लेकरा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं.

माझे वडील जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम करायचे. त्यांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून एकच नाव ऐकत आलो, मूकपट काढणारे बाबूराव पेंटर. वडिलांनी त्यांच्या हाताखाली काम केलं नव्हतं, पण ज्यांनी केलं होतं अशा जुन्या माणसांच्या गोष्टी ते सांगायचे. बाबूराव चित्रीकरणाआधी प्रसंगाचं चित्र काढायचे. पात्राचा पोशाख कसा, उभं कुठं राहायचं, मागं काय, सगळं कागदावर. सुतार, शिंपी, नट, सगळ्यांनी तेच चित्र बघायचं. "नंतर बघू" म्हणायला जागाच नाही.

हे त्यांच्यात आलं कुठून? बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा रंगवणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा राहून रंग लावतो आणि मग नाट्यगृहाच्या पार शेवटी जाऊन बघतो. जवळून नुसते फराटे असतात, लांबून राजवाडा दिसतो. म्हणजे हात इथं, आणि डोळा कायम शेवटच्या रांगेत. तू खासबागेत बसून जे म्हणालास, ते या माणसांच्या अंगात भिनलेलं होतं.

दोघं भाऊ सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायच्या मागं लागले. १९१६ साली आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते तडीला नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तानीबाई कागलकरांनी पैसे घातले. १९२० ला 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारनं तो कापायला लावला. यंत्र घरचं, पैसा बेताचा, वीज अपुरी. पण काय दाखवायचंय ते डोक्यात लख्ख.

आपल्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. जाता येता दिसतं. मला तिथं एखादा कुंचला पण हवा होता असं राहून राहून वाटतं.

---

फ्रेमबायफ्रेम | बुधवार, दुपारी १:०५

मी मूळचा कसबा बावड्याचा, आता मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातले देखावे कॉम्प्युटरवर बनवण्यात, दहा वर्षं काढली. नेपथ्यवाला दादा, तुमच्या दरवाज्याची गोष्ट आमच्याकडं रोज घडते, फक्त प्लायवूडच्या जागी कॉम्प्युटर असतो.

लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर बदल सोपा. तसं नाही. समजा एका शॉटमध्ये राक्षस आहे. आधी त्याचं मॉडेल, मग त्वचेचा पोत, मग आतला सांगाडा, मग हालचाल, मग प्रकाश, मग रेंडर (कॉम्प्युटरकडून पक्कं चित्र काढून घेणं), मग सगळं एकत्र जोडणं. प्रत्येक टप्प्यावर वेगळी टीम. सगळं जोडून झाल्यावर वरून निरोप आला की "शिंगं जरा मोठी करा", तर तो शॉट पहिल्या माणसाकडं परत जातो. शिंगं बदलली की सावली बदलते, मान हलवायची पद्धत बदलते. मी एका शॉटच्या साठाहून जास्त आवृत्त्या केल्यात, आणि शेवटी पास झाली ती सातवी. मधल्या पन्नासेक आवृत्त्यांत कुणी वाईट काम केलं नव्हतं. काय हवंय ते वरच्या माणसाला आम्ही केलेलं बघून बघून शोधायचं होतं. चार पोरांच्या रात्री त्यात गेल्या. एकानं लाईनच सोडली, आता गावाकडं शेती बघतो. चांगला कलाकार होता.

एकाच माणसाच्या दोन कामांची तुलना करून बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन सिनेमे पीटर जॅक्सननं एका दमात चित्रित केले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. पण त्याच्या आधी दोन वर्षं तयारी चालली होती. ज्यांनी त्या पुस्तकांची चित्रं आयुष्यभर काढली असे दोन चित्रकार, ॲलन ली आणि जॉन हाऊ, यांना आणून बसवलं होतं. तलवारीच्या मुठीपासून घराच्या दारापर्यंत सगळं ठरलेलं. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली. मग 'द हॉबिट' आला. तो गिलेर्मो देल तोरो करणार होता, त्याची आखणीही झाली होती, पण काम रखडलं आणि २०१० मध्ये तो बाहेर पडला. जॅक्सन आयत्या वेळी आला, पुढच्याच वर्षी चित्रीकरण सुरू. दुसऱ्याची आखणी बाजूला ठेवून स्वतःची करायला वेळच मिळाला नाही. दोन सिनेमांचे तीन करायचं तर मुख्य चित्रीकरण उरकल्यावर जाहीर झालं. माणूस तोच, देश तोच, पैसा आधीपेक्षा जास्त, तंत्र जास्त पुढचं. आणि तरी दोन्ही बघितल्यावर फरक आमच्या आजीलाही कळला.

---

शुक्रवारपेठी | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचं पटतंय, पण एक गोष्ट पटत नाही. धाग्याचा ओघ असा चाललाय की एक थोर माणूस पाहिजे, त्याच्या डोक्यात सगळं पाहिजे आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. या 'व्हिजन'च्या नावाखाली मी बरीच दादागिरी बघितली आहे. रात्री दोन वाजता पन्नास माणसं ताटकळत ठेवायची आणि विचारलं की म्हणायचं, तुम्हाला माझं व्हिजन कळणार नाही. ज्याला स्वतःच्या मनातलं दुसऱ्याला सांगता येत नाही, त्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतंच, असं माझं मत झालंय.

काकांनी बाबूरावांचं सांगितलं, मग त्यांच्याच शिष्यांचं पण बघूया. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला आपल्या कोल्हापुरात निघाली. मालक किती? पाच. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पुढं १९३३ ला ते पुण्याला गेले. तिथं 'संत तुकाराम' झाला, १९३६ ला, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो दिग्दर्शित केला दामले आणि फत्तेलाल दोघांनी मिळून! दामले ध्वनीतला माणूस, फत्तेलाल चित्रकार. एकानं ऐकायचं, एकानं बघायचं. मग कुठं गेला तुमचा 'एकटा दिग्दर्शक'?

आणि ठरवलेलं सगळं ठरल्यासारखंच झालं पाहिजे असंही नाही. 'शोले'चा मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला मारतो असा. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं तो बदलायला लावला, पोलीस मधे आणले. तरी सिनेमा पन्नास वर्षं टिकून आहे.

---

कपडेपट_मावशी | गुरुवार, दुपारी ३:२०

मी लिहीत नाही फारशी, पण आज राहवलं नाही.

तीस वर्षं कपडेपट सांभाळते. पेटारे घेऊन गडहिंग्लज, इचलकरंजी, सांगली, सगळीकडं फिरले. खूप वर्षांपूर्वी एक ऐतिहासिक प्रयोग केला होता आम्ही, हौशी मंडळींनी. पैसे बेताचेच. मावळ्यांचेच ऐंशीच्या वर पोशाख शिवायचे होते. दिग्दर्शक म्हणजे शाळामास्तर, आवाज एवढासा. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना, म्हणजे दिवे लावणारा पोरगा, मेकअपवाला, ढोलकीवाला, चहा देणारा सुद्धा, सतरंजीवर बसवलं आणि एकच गोष्ट सांगितली. "राज्याभिषेकापर्यंत भगवा रंग कुठंही दिसणार नाही. फेट्यात नाही, शेल्यात नाही, पताकेत नाही. तो लोकांना पहिल्यांदा दिसेल तेव्हा त्यांना वाटलं पाहिजे की याचीच आपण इतका वेळ वाट बघत होतो."

झालं. त्यानंतर मला त्यांना एकही प्रश्न विचारायला लागला नाही. मातकट, करडा, शेवाळी, पांढऱ्याचा मळका, असे कापडाचे रंग मीच ठरवले. दिवेवाल्या पोरानं स्वतःहून पिवळे-तांबडे कागद काढून ठेवले, कारण पिवळ्या उजेडात मातकट कापड भगवं दिसतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं! शुक्रवारपेठी, तुम्ही म्हणता ना दादागिरी, त्याच्या उलट होतं हे. आमच्या डोक्याला एवढं मोकळं रान मला पुन्हा कधी मिळालं नाही.

---

बटणदाब्या | गुरुवार, सायंकाळी ७:४५

मावशी, अंगावर काटा आला वाचून.

मी गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. आमच्या धंद्यात एक उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' नावाचा गेम १९९७ ला जाहीर झाला आणि बाजारात आला २०११ ला. मधल्या काळात बाजारात काही नवीन चमकदार आलं की यांना तेही हवं, गेम ज्यावर चालतो ते इंजिनच बदललं, आधी केलेलं काम टाकून द्यायला लागलं. आला तेव्हा खेळणाऱ्यांना तो जुनाट वाटला. कौशल्य होतं, पैसा होता, वाट बघणारे लाखो लोक होते. कुठं थांबायचं तेच ठरलेलं नव्हतं.

---

नेपथ्यवाला | गुरुवार, रात्री ११:१०

शुक्रवारपेठी, तुमच्या प्रभातच्या उदाहरणानं मला आज दिवसभर विचार करायला लावला. माझं चुकत होतं. मी एक माणूस शोधत होतो. दामले-फत्तेलाल दोघं होते, पण एकाच गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासलेले. दोघांच्या डोळ्यांपुढं चित्र एकच असणार. आमच्याकडं माणूस एकच होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं रोज वेगळं चित्र यायचं, जो शेवटचा भेटला त्याचं. 'शोले'बद्दल म्हणाल तर शेवट बदलला, पण तोपर्यंतचे तीन तास इतके घट्ट विणलेले होते की एक टाका उसवून वीण सुटली नाही.

मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं. कुणी पैसेवाला आला नाही का मधे, भगवा पाहिजेच म्हणून? आमच्याकडं पहिल्या दिवशीच आला असता.

---

कपडेपट_मावशी | शुक्रवार, दुपारी १२:५०

आले की! गावातले मोठे गृहस्थ, मनानं चांगले. शंभर भगवे झेंडे स्वखर्चानं शिवून घेऊन आले, पहिल्या प्रवेशापासून लावा म्हणाले. आम्ही सगळे गप्प. नाही म्हणावं तर मंडपाचे पैसे त्यांचेच.

मास्तर वादाला गेले नाहीत. त्यांना हात धरून रंगीत तालमीला मागं नेलं, शेवटच्या रांगेत लाकडी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. दोन अंक झाले. मग सनई, आणि मागून एकच भगवा वर चढला. एकच, चार हात कापडाचा. मी विंगेतून बघत होते. त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तालीम संपल्यावर ते आमच्या पेटाऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "माझे झेंडे शेवटी सगळ्यांच्या हातात द्या, बाहेर जाताना." तसंच केलं. प्रयोग संपला की दारात प्रत्येकाच्या हातात झेंडा. मिरवणूकच निघाली रस्त्यानं, कुणी न सांगता.

---

मांडववाला | शुक्रवार, रात्री ८:३०

मी या सगळ्याच्या पलीकडच्या बाजूचा आहे. कार्यक्रम भरवतो, पैसे उभे करतो. धाग्यात पैसेवाले म्हणजे घोळ घालणारे असं चित्र झालंय, म्हणून लिहितो.

मोठ्या कामाला पैसा एका खिशातून येत नाही. पाच-सहा ठिकाणांहून येतो आणि प्रत्येकजण आपापली इच्छा घेऊन येतो. एकाला आपल्या मुलीचा नाच हवा, एकाला आपल्या धंद्याचं नाव मोठ्या अक्षरात हवं, एकाला हत्ती हवा. "हे बसत नाही" असं त्याला सांगणं हे माझं काम. पण कशात बसत नाही? ते माझ्या हातात कुणी दिलेलंच नसतं. दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणतो, विश्वास ठेवा. विश्वास मी ठेवीन हो, पण समोरच्या माणसापुढं टेबलावर काय ठेवू? मावशींच्या मास्तरांनी जे एक वाक्य सांगितलं, तसं वाक्य मला मिळालं असतं तर मी हत्तीला सुद्धा नाही म्हटलं असतं. दोनदा माझे कार्यक्रम असे विस्कटलेत. दोन्ही वेळेला मी प्रत्येकाला थोडं थोडं हो म्हणत गेलो, कारण नाही म्हणायला माझ्याकडं काही आधार नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता एक नियम केलाय. एक कागद, एक चित्र, एक वाक्य, हे हातात आल्याशिवाय मैदानाचं भाडं भरत नाही. खालच्या माणसानं काय करायचं असं नेपथ्यवाल्यांनी विचारलंय, तर माझं सांगणं, तुम्ही सुद्धा तो कागद मागा. ॲडव्हान्स घेताना मागा. मापं घ्यायला पन्हाळ्याला जायच्या आधी मागा.

---

उत्तरेश्वरकर | शनिवार, सकाळी ६:४०

मांडववाल्यांनी मनातलं सांगितलं, बरं वाटलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. म्हातारी माणसं, पोरं, सगळी रडत होती. आणि राख गार व्हायच्या आधीच लोक एकच म्हणायला लागले, "होतं तसंच बांधा." कुणी बैठक घेतली नव्हती. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते घर कसं आहे, हे अख्ख्या गावाच्या डोळ्यांपुढं होतं. शंभर वर्षांनी सुद्धा गवंड्यापासून नटापर्यंत सगळे एकाच चित्राकडं बोट दाखवत होते. त्या रात्री एवढाच एक धीर वाटला होता मला.

---

नेपथ्यवाला | शनिवार, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार मानून हे संपवणार होतो, पण आज दुपारी एक गोष्ट घडली. एका शाळेचा फोन आला. स्नेहसंमेलनात मुलं पन्हाळ्याच्या वेढ्यावर नाटक करणार आहेत, तुमच्याकडं दरवाजा आहे असं ऐकलं, द्याल का? मी हो म्हणून बसलो. दोन्ही तुकडे गोडाऊनला भिंतीला टेकवून ठेवलेत. सोनेरी रंग खरवडला की खाली काळा अजून शाबूत आहे, मी कोपऱ्यात नखानं बघितलं. मधून जोडायला दोन पट्ट्या लागतील. उद्या सकाळी पोरांना घेऊन बसतो, संध्याकाळपर्यंत काळा होईल.

---

कपडेपट_मावशी | शनिवार, रात्री १०:२५

थांब रे बाबा. रंगाचा डबा उघडू नकोस अजून. सोमवारी शाळेत जा आणि नाटक लिहिणाऱ्या बाईंना विचार, त्यांच्या नाटकात तो दरवाजा उघडतो का शेवटपर्यंत बंदच राहतो. मग मला फोन कर, मुलांच्या कपड्यांचं मी बघते.